अंजूर फाट्यावरचा माणूस

ठाण्याहून भिवंडीत शिरणाऱ्याला अंजूर फाटा चुकत नाही. गोदामांकडे वळणारे कंटेनर, कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो, उलट्या बाजूने घुसलेल्या रिक्षा आणि या सगळ्यांच्या मधोमध शिट्टी फुंकणारा एकटा हवालदार, हे दृश्य दिवसाच्या कोणत्याही प्रहरी पाहावे. माझ्या आयुष्यातले कितीतरी तास या फाट्याने खाल्ले आहेत. मागच्या हिवाळ्यात असाच अडकलो होतो. सोबत सातवीत शिकणारा नातू होता. त्याला शाळेने प्रकल्प दिला होता, ‘आपल्या परिसरातील ऐतिहासिक व्यक्ती’. खिडकीतून पाटी वाचून त्याने विचारले, “आजोबा, अंजूर म्हणजे काय?”

तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे मेजवानी. मी त्याला सांगितले, अरे, अंजूर हे इथून जवळचे गाव. तिथल्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांना पोर्तुगीजांवर चालून यायला लावले. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला मराठ्यांनी घेतला. आज तिथे तुरुंग आहे. तिथून पुढे दोन वर्षे झुंज चालली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आपण उभे आहोत त्या फाट्यावरून चिंचोटीमार्गे रस्ता जातो तो त्या वसईकडेच.

पोराने ऐकून घेतले आणि खिशातून मोबाइल काढला. हल्ली आजोबांचे म्हणणे पडताळून पाहायची सोय झाली आहे. आधी त्याने ‘भिवंडीतील प्रसिद्ध व्यक्ती’ असे शोधले. यंत्रमाग आले, गोदामे आली, दंगली आल्या, काही आजी-माजी आमदार-खासदार आले. गंगाजी नाईक आले नाहीत. मग मी नाव सांगितले, तसे टंकले, आणि ते सापडले. पण एके ठिकाणी अंजूरकर, दुसरीकडे अणजूरकर, तिसरीकडे आणखी काही. प्रत्येक ठिकाणची हकिकत निराळी. आणि हल्ली विचारल्याबरोबर सगळे सांगून टाकणारा जो यांत्रिक सल्लागार मोबाइलमध्ये बसलेला असतो, त्याने तर गंगाजींना पुण्याचे सरदार करून टाकले. तेही अशा आत्मविश्वासाने, की माझाच आवाज क्षणभर बसला.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. नाव आधीच ठाऊक असेल तर माणूस सापडतो. ठाऊक नसेल तर तो नसतोच. ज्याला आपण ज्ञानाचा महासागर म्हणतो त्याच्या काठावर उभे राहून आपण आपल्याच तांब्याएवढे पाणी घेतो.

या दुखण्यावर आपल्याकडे औषध फार जुने आहे. त्याचे नाव चरित्रकोश. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ साली ‘भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश’ काढला आणि १८८१ साली अर्वाचीन काळाचा कोश. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी नागपुरात मर्यादित कंपनी काढली, भागभांडवल जमवले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड उभे केले. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या माणसाने खंड विकत दारोदार हिंडावे, हे त्या काळच्या लोकांना विचित्रच वाटले असणार. आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी पुण्यात बसून प्राचीन चरित्रकोश १९३२ साली, मध्ययुगीन १९३७ साली आणि अर्वाचीन १९४६ साली पुरा केला. पुराणातल्या ऋषींपासून आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंतची माणसे अकारविल्हे एका रांगेत बसवणारे हे काम ना विद्यापीठाने केले, ना सरकारने. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा मराठी विश्वकोश आला. त्याचा पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. साप्ताहिक ‘विवेक’ने शिल्पकार चरित्रकोशाचे खंड क्षेत्रवार काढले.

आनंदाची बाब अशी, की यांतले बरेचसे आता इंटरनेटवर फुकट वाचता येते. केतकरांचा ज्ञानकोश आहे, विश्वकोश आहे, शिल्पकार चरित्रकोशाच्या नोंदी ‘महाराष्ट्र नायक’ या नावाने आहेत, १८८२ चे कॅम्पबेलसाहेबांचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरही आहे. २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे. मग आणखी एक कोश कशाला, आणि तोही एका तालुक्याचा?

कारण सोपे आहे. हे सगळे कोश महाराष्ट्राच्या किंवा भारताच्या उंचीवरून खाली पाहतात. एवढ्या उंचीवरून चिमाजी अप्पा स्वच्छ दिसतात, गंगाजी नाईक अंधूक दिसतात आणि गंगाजींना खाडीपार नेणारा तांडेल दिसतच नाही. वज्रेश्वरीला जाणाऱ्या प्रत्येकाला चिमाजी अप्पांचा नवस ठाऊक असतो. देवीचे देऊळ त्या नवसातून उभे राहिले. ज्यांनी मुळात ही मोहीम पेशव्यांच्या गळी उतरवली त्या माणसाचे गाव वाटेतच लागते, आणि गाडी पुढे निघून जाते.

मला स्वतःला गंगाजी जितके शूर म्हणून आवडतात तितकेच अवघड नोंद म्हणूनही. साष्टीच्या बखरीत त्यांचे अनुष्ठान, चिंचवडच्या देवांचा आशीर्वाद, पेशव्यांच्या भेटीगाठी हे सगळे रंगवून आले आहे. पण बखर ती बखर. तिच्यात भक्ती आहे, घराण्याचा अभिमान आहे आणि खरी माहितीही आहे; तिन्ही एकमेकांत अशी मुरली आहेत की लोणच्यातून मीठ वेगळे काढावे तसे होते. त्याच्या शेजारी पेशवे दफ्तरातली वसई मोहिमेची पत्रे ठेवली की माणूस जरा कमी तेजस्वी आणि जास्त खरा दिसू लागतो. बातम्या आणणारा, होड्यांची आणि माणसांची जुळवाजुळव करणारा, स्थानिकांना धीर देणारा. आणि वसईतल्या एखाद्या पोर्तुगीज कारकुनाने याच माणसाची नोंद केली असती तर ती ‘फितूर’ या एका शब्दात संपली असती. चरित्रकोशाच्या नोंदीत हे तिन्ही आवाज यायला हवेत, आणि कुठला आवाज कुणाचा तेही कळायला हवे. दोनशे शब्दांत हे करायचे म्हणजे कस लागतो. मी चार वेळा लिहून खोडले आहे.

होय, आम्ही लिहायला बसलो आहोत. आम्ही म्हणजे निवृत्त झालेले चार-पाच जण. एक मी, एक उर्दू शाळेतले माजी शिक्षक, एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, पद्मानगरातले एक तेलुगूभाषक माग-मालक ज्यांचे मराठी माझ्यापेक्षा रोखठोक आहे, आणि संगणकाचे काम पाहणारी एक मुलगी, जी आम्हा सगळ्यांना मिळून एक विद्यार्थी समजते. रविवारी सकाळी जमतो, चहा पितो, भांडतो आणि वहीत चार ओळी वाढवतो. संस्था नाही, लेटरहेड नाही. तरीही पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ आजोबांचा रंगवलेला फोटो आणि एक बंद पाकीट घेऊन आले. “सर, नोंद जरा मोठी करा,” एवढेच म्हणाले. पाकीट परत केले, फोटो ठेवून घेतला. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि साल होते, ते पाकिटापेक्षा मोलाचे निघाले.

वहीतली नावे पहिल्यांदा अकारविल्हे लावली तेव्हा एक गंमत झाली. ‘द’मध्ये दिवाणशाह आले. भिवंडीच्या दर्ग्यातले हे सत्पुरुष. विजापूरच्या दरबाराशी त्यांचे नाते सांगितले जाते. त्यांच्यानंतर पान उलटले की ‘न’ लागतो आणि येतात गणेशपुरीचे नित्यानंद, ज्यांनी १९६१ साली देह ठेवला आणि ज्यांच्या दर्शनाला जगभरातून माणसे याच तालुक्यात येतात. ‘र’मध्ये रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर खाडीत जी जहाजे बांधायला घेतली त्या कामावर हा होता. पुढे १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दडपणाने काम टाकून निघून गेला. आणि तिथून थोडीच पाने पुढे, ‘स’मध्ये, सखो कृष्ण लोहोकरे, ज्यांनी महाराजांसाठी भिवंडी ताब्यात घेतली. जहाज बांधणारा परका आणि ठाणे जिंकणारा आपला, दोघांना मुळाक्षरांनी शेजारी आणून बसवले.

मुळाक्षरांना जात नसते, मोहल्ला नसतो. छापील कोशात आपण एकाला शोधायला जातो आणि वाटेत दुसरा भेटतो. लग्नाच्या पंगतीत कुणाच्या शेजारी बसायचे हे यजमान ठरवतो, इथे ते वर्णमाला ठरवते. आमचे उर्दूचे शिक्षक दिवाणशाहांची नोंद तपासायला बसले आणि नित्यानंदांची वाचून उठले. “गणेशपुरीला इतक्यांदा गेलो, गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवले, पण हे कोण ते कधी विचारले नाही,” म्हणाले. मीही त्यांच्याकडून एक धडा घेतला. १९४९ साली प्रगतिशील लेखक संघाची अखिल भारतीय परिषद आमच्या भिवंडीत भरली होती आणि तिथे मंजूर झालेला जहाल जाहीरनामा उर्दू साहित्याच्या इतिहासात ‘भिवंडीचा जाहीरनामा’ म्हणून ओळखला जातो. त्यावर आजही उर्दूत वाद होतात. मी तीस वर्षे याच गावात इतिहास शिकवला आणि मला याचा पत्ता नव्हता. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर घडलेली गोष्ट, पण ती वेगळ्या लिपीत घडली होती.

आणि इथेच इंटरनेटची खरी अडचण आहे. लोक म्हणतात, तिथे वाट्टेल त्याने वाट्टेल ते लिहावे ही अडचण. तीही आहेच. पण त्याहून मोठी अशी, की तिथे शेजार नसतो. शोधायच्या चौकटीत मी मराठीत ‘गंगाजी’ लिहिले तर मला गंगाजीच मिळतील, त्यांच्या आजूबाजूचे कोणी मिळणार नाही. उर्दूत शोधणाऱ्याला उर्दूतले मिळेल, तेलुगूत शोधणाऱ्याला तेलुगूतले. गावात एकाच विहिरीवर चार दोर असावेत आणि कुणाला कुणाचा पोहरा दिसू नये, तशी ही व्यवस्था. दुसऱ्या कुठल्या गावी हे चालूनही जाईल. भिवंडीत ते महाग पडते.

भिवंडीबद्दल बाहेरच्यांना दोन साले ठाऊक असतात, १९७० आणि १९८४. पहिल्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन आयोगाचा जाडजूड अहवाल आहे. ज्यांना इतिहासातली माणसे म्हणजे नुसते पुतळे वाटतात त्यांनी तो जरूर चाळावा. मिरवणूक, घोषणा, अफवा, आणि या सगळ्यांत थोर पुरुषांची नावे कशी हत्यारासारखी उगारली जातात, हे त्यात दिसते. एका बाजूने नाव घ्यायचे ते दुसऱ्याला डिवचण्यासाठी. दुसऱ्यानेही आपल्या पोतडीतून नाव काढायचे ते उत्तर म्हणून. त्या नावाच्या माणसाने प्रत्यक्षात काय केले, कुणाला कामावर ठेवले, कुणाशी तह केला, याची चौकशी दोन्हीकडे कुणी करत नाही.

आणि भिवंडीबद्दल बाहेरच्यांना एक साल ठाऊक नसते, ते १९९२. मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त म्हणून १९८८ मध्ये इथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या; पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हा प्रश्न त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. त्या समित्यांचे गमक काय होते? फार थोर तत्त्वज्ञान नव्हते. एका वस्तीतली निरनिराळ्या धर्मांची माणसे पोलिसांसह एका सतरंजीवर नेमाने बसवायची, पाण्याच्या नळापासून गटारापर्यंत सगळ्या तक्रारी एकत्र बोलायच्या. दंगल नसतानाच्या दिवसांत ओळख करून ठेवायची, म्हणजे अफवा आली की विचारायला दुसऱ्या बाजूचा एक माणूस नावानिशी ठाऊक असतो. चरित्रकोशाकडे मी त्याच नजरेने पाहतो, एवढे कबूल केले पाहिजे. त्या सतरंज्यांवर बसलेले मागवाले, दुकानदार, मौलवी, मास्तर यांतले कितीतरी आता गेले. त्यांचे पुतळे होणार नाहीत. त्यांची चार-चार ओळींची नोंद कुठे होणार?

विकिपीडियावर होणार नाही, आणि त्यात विकिपीडियाचा दोष नाही. तिथला नियम असा, की ज्याच्याबद्दल इतरांनी छापून ठेवले आहे त्याचीच नोंद. नियम शहाणपणाचा आहे. तो नसता तर प्रत्येक नगरसेवकाचे महाकाव्य तिथे झाले असते. पण ज्या गावाबद्दल छापून आले ते दंगल आणि कापड एवढेच, त्या गावाची माणसे या चाळणीतून खाली पडतात. १८५७ नंतर उत्तरेतून हातमाग पाठीवर घेऊन आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, खाडीकाठचे आगरी-कोळी, कोकणी मुसलमान. भिवंडी उभी केली ती यांनी. यांचा कागद कुठे आहे? आहे, पण छापील नाही. शाळांच्या जनरल रजिस्टरात आहे, सातबाराच्या फेरफारांत आहे, कबरींच्या दगडांवर आहे, देवळात देणगीदारांच्या फरशीवर आहे, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत आहे. एका कचेरीत आम्ही जुने रजिस्टर पाहायला मागितले, तर तिथल्या साहेबांनी विचारले, “कशाला? वारसाचा दावा आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढला. नफ्यावाचून कोणी मेलेल्या माणसाची चौकशी करतो, हे त्यांना पटेना.

बायकांची गोष्ट तर आणखी कठीण. शेजारच्या कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी घ्या. एवढी गाजलेली बाई. १८८८ साली, मृत्यूनंतर वर्षभरातच, अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र छापले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. तरी त्यांचा जन्म कुठे झाला याला काही ठिकाणी कल्याण म्हटले आहे, काही ठिकाणी पुणे. माहेरचे नाव यमुना, सासरचे आनंदी, कोशात कुठल्या अक्षराखाली शोधायचे? जिचे दोन देशांत चरित्र निघाले तिची ही कथा, तर भिवंडीच्या एखाद्या शाळेत पहिल्यांदा मुलींचा वर्ग घेणाऱ्या बाईंची काय? आमच्या वहीत बायकांची पाने लाज वाटावी इतकी कमी आहेत. एकदा संगणकवाल्या मुलीने ती मोजून दाखवली. त्या रविवारी चहा कुणाला गोड लागला नाही.

ही लाज आमची एकट्याची नाही, एवढाच दिलासा. इंग्रजांचा राष्ट्रीय चरित्रकोश लेस्ली स्टीफन यांनी १८८५ पासून काढायला सुरुवात केली. १९०० पर्यंत त्रेसष्ट खंड झाले. शिस्तीचे काम. तरी त्यांतून इतकी माणसे सुटली होती, की १९९३ साली ‘हरवलेली माणसे’ अशा अर्थाच्या नावाचा एक स्वतंत्र खंड काढावा लागला. हजारावर नोंदी! जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्ससारखा कवी त्यात आहे. २००४ मध्ये ऑक्सफर्डने तो कोश नव्याने लिहून छापील आणि इंटरनेट अशा दोन्ही रूपांत काढला, तेव्हा पन्नास हजारांवर माणसे आत आली. मला यात त्यांचे मोठेपण दिसते ते आकड्यांत नव्हे. आपण कुणाला विसरलो हे पुस्तकाच्या पाठीवर छापायला छाती लागते.

आम्हाला जवळचे वाटते ते वेल्सचे उदाहरण. इंग्रजीच्या छायेत जगणारी त्यांची भाषा, पण त्यांनी आपला चरित्रकोश आधी वेल्श भाषेत काढला, १९५३ मध्ये, आणि मग १९५९ मध्ये इंग्रजीत. आज त्यांचे राष्ट्रीय ग्रंथालय तो दोन्ही भाषांत फुकट उपलब्ध करून देते आणि नव्या नोंदी घालत राहते. एकच माणूस, दोन भाषा, एकच नोंद. भिवंडीला दोन पुरणार नाहीत, मराठी आणि उर्दू तर हव्यातच, तेलुगूचेही पाहावे लागेल. पण नोंद एकच असली पाहिजे. मराठीत एक आणि उर्दूत दुसरी हकिकत, असे नको. ज्या दिवशी आम्ही हे ठरवले त्या दिवशी कामाचा वेग चौथाईवर आला, कारण प्रत्येक वाक्य दोन्हीकडच्यांनी मान्य करावे लागते. ‘जिंकले’ की ‘ताब्यात घेतले’ यावर एक अख्खा रविवार गेला. शेवटी ‘ताब्यात घेतले’ राहिले, आणि मला वाटते तेच अधिक बरोबरही आहे.

नियम आम्ही थोडेच केले. जिवंत माणसाची नोंद नाही. त्यामुळे निम्मे इच्छुक आपोआप गळाले. प्रत्येक विधान कुठून आले ते त्याच्याखाली, आणि ‘घरच्यांनी सांगितले’ असेल तर तसेच लिहायचे, त्यात कमीपणा नाही. दोन तारखा असतील तर दोन्ही. चमत्कार असेल तर ‘भक्त सांगतात’ एवढा एक शब्दप्रयोग पुरतो. नित्यानंदांच्या नोंदीत तो तीन वेळा आला आहे आणि भक्तांनी तक्रार केलेली नाही. नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुरुस्तीची उघडी वही. छापील कोशात चूक झाली तर ती दुसऱ्या आवृत्तीपर्यंत जगते, आणि आपल्याकडे दुसरी आवृत्ती निघतेच असे नाही. इंटरनेटवर उलटे. तिथे रात्रीतून चूक सुधारता येते, तसेच रात्रीतून बरोबर गोष्ट चुकवताही येते, आणि सकाळी कुणाला पत्ता नसतो. म्हणून काय बदलले, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, हे जुन्या मजकुरासकट दिसत राहिले पाहिजे. सराफ पावती फाडतो तसे.

मी इंटरनेटचा भोळा भक्त नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका समारंभाची स्मरणिका आम्ही कष्टाने केली होती, गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी घेऊन. मुद्रकाकडे तेव्हाच्या पद्धतीने कुठल्यातरी खास फॉन्टमध्ये ती टंकली गेली, आणि मोठ्या कौतुकाने एका सीडीवर घालून आम्हाला दिली. परवा ती उघडायला गेलो. आधी सीडी चालवणारे यंत्रच सापडेना. सापडले तेव्हा पडद्यावर आले ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे उकिरडे. युनिकोड येण्याआधीच्या मराठी मजकुराची ही दशा घरोघर आहे. त्यात बोललेली माणसे आता नाहीत. वाचली ती एका कपाटात उरलेली छापील प्रत, कसरीने कोपरे खाल्लेली. म्हणून माझा आग्रह असा, की कोश इंटरनेटवर असावाच, पण दर पाच वर्षांनी कागदावर छापून त्याच्या प्रती इथल्या वाचनालयांत आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासून टिकलेल्या जागी ठेवाव्यात. संकेतस्थळाचे वार्षिक भाडे भरणारा मेला की संकेतस्थळही मरते. कपाट इतक्या लवकर मरत नाही.

मग खर्च कुणी करायचा? महापालिकेकडे मागावे तर पाटी कुणाच्या हस्ते लावायची हा प्रश्न आधी येईल. गोदामवाल्या कंपन्यांकडे समाजकार्याचा पैसा असतो, पण मग दहा वर्षांनी कोशात ‘ग’ला गोदाम येईल. मला महाविद्यालयांचा मार्ग बरा वाटतो. भिवंडीत इतिहास, मराठी, उर्दू शिकणारी मुले वर्षाकाठी कितीतरी प्रकल्प करतात आणि ते वर्षअखेर रद्दीत जातात. प्रत्येकाने एक माणूस घ्यावा, एक कबर, एक फरशी, एक रजिस्टर वाचावे, दोन म्हाताऱ्यांशी बोलावे आणि दोनशे शब्द लिहावेत. तपासायला आम्ही आहोत, आहोत तोवर.

आणि घाई आहे ती याचसाठी. गेल्या काही वर्षांत मागांचे खटखट बंद पडून त्या जागी पत्र्याची गोदामे झाली, वाडे गेले, आळ्यांत इमारती आल्या. इमारत पाडताना देणगीदाराची फरशी कुणी जपून ठेवत नाही. आठवणारी माणसे ऐंशीच्या पुढे आहेत. दर पावसाळ्यात एक-दोन कमी होतात.

नातवाच्या प्रकल्पाचे सांगायचे राहिले. त्याने गंगाजी नाईकांवर चार पाने लिहिली, एका पानावर रुई लैतांवचे जहाज काढले, त्याला तोफा जरा जास्तच लावल्या. बाईंनी शेरा दिला, ‘छान, पण हे पुस्तकात नाही.’ वही माझ्या हातात देत तो म्हणाला, “आजोबा, तुमच्या पुस्तकात टाका म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना असे म्हणता येणार नाही.”

येत्या रविवारी आमची बैठक नेहमीच्या जागी नाही. बंदर मोहल्ल्यातल्या एका चाचांकडे जायचे आहे. १९४९ च्या परिषदेत पाणी वाटायला आपण होतो, तेव्हा दहा वर्षांचे होतो, असे त्यांनी निरोप पाठवून कळवले आहे. “मास्तर, दुपारच्या नमाजनंतर या, सकाळी मला नीट आठवत नाही,” असेही कळवले आहे. संगणकवाली मुलगी आवाज टिपून घेणार आहे. मी मात्र वही आणि दोन पेन्सिली घेऊन जाणार आहे, आणि जुना फोटो निघालाच तर मागची बाजू आधी पाहणार आहे.